बारवीच्या रस्त्यावरचं माकड आणि येऊरचा बिबट्या

आवाज थोडा बसलाय, सांभाळून घ्या. काल रात्री दोनपर्यंत ऑफिसचं रिलीज चालू होतं, आणि आज सकाळी सायकल काढायचा मोह आवरला नाही.

सायकलिंगवर बोलायला लागल्यापासून सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न गियरचा नाही, सॅडलचा नाही. प्रश्न असा असतो: "जंगलाच्या रस्त्याने जातोस, प्राणी आडवे आले तर काय करतोस?" सोबत कोणीतरी एखादा व्हिडिओ पाठवतं. दक्षिण आफ्रिकेतला तो २०११ चा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. माउंटन बाईकवाला जोरात चाललाय आणि बाजूने एक मोठं हरीण, हार्टबीस्ट म्हणतात त्याला, उडी मारून थेट त्याच्यावर आदळतं. किंवा केप टाउनचे बबून, जे थांबलेल्या सायकलवाल्याच्या बॅगेतून सँडविच काढून नेतात.

आपल्याकडे बबून नाहीत, पण त्यांचं काम करायला लाल तोंडाची माकडं आहेत. आणि हार्टबीस्ट नसलं तरी ठाण्याच्या हद्दीत बिबट्या आहे. मला यातल्या एकाचा अनुभव चांगलाच आलाय आणि दुसऱ्याचा थोडक्यात हुकलाय. आज दोन्ही सांगतो.

पहिला किस्सा बारवीचा. मी डोंबिवलीचा. काटई नाक्यावरून बदलापूर पाइपलाइन रोड, मग बदलापूर, मग बारवी धरणाचा रस्ता. एका बाजूने तीस-पस्तीस किलोमीटर होतात. बदलापूर सोडलं की पावसाळ्यात हा रस्ता इतका हिरवा असतो की आपण सकाळी पाच वाजता उठलोय हे विसरायला होतं. सप्टेंबरचा रविवार होता, पाऊस थांबलेला. मी आणि माझा एक मित्र. धरणाच्या अलीकडे चार-पाच गाड्या उभ्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस माकडांची टोळी. गाडीतली माणसं वेफर्स टाकत होती, मुलं खिदळत होती.

इथे मला पर्यटकांना शिव्या घालायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी पण थांबलो. जर्सीच्या मागच्या खिशात दोन केळी होती. एक काढलं, अर्धं खाल्लं, अर्धं एका पिल्लाकडे टाकलं आणि व्हिडिओ काढला. वीस सेकंदांचा. अजून फोनमध्ये आहे. त्यात शेवटी माझा हसण्याचा आवाज येतो, आणि मग फोन आडवा होतो.

झालं असं की एक मोठा नर मागून आला. त्याने पहिलं केळं कुठून निघालं ते पाहिलं असणार. मला पाठीवर वजन जाणवलं, खिसा ओढला गेला, आणि मी जे करायला नको होतं तेच केलं: हात मागे टाकला. केळं वाचवायला म्हणून नाही, घाबरून. पण त्याला काय कळणार? त्याच्या दृष्टीने मी त्याचं खाणं हिसकावत होतो. कोपराच्या खाली दात लागले, दंडावर ओरखडे आले आणि मी सायकलसकट खाली. माकड केळं घेऊन झाडावर. सगळं मिळून पाच सेकंद.

जखम दिसायला फार मोठी नव्हती. दोन भोकं, थोडं रक्त. पहिला विचार काय आला सांगू? "राईड पूर्ण करू या, घरी जाऊन डेटॉल लावू." तिथे जवळच एक टपरी होती. तिथल्या मावशींनी हात पाहिला आणि म्हणाल्या, "दादा, आधी साबण लाव." एक माणूस हळद घेऊन आला होता, त्याला त्यांनी हाकलला. "हळद नको, काय नको. पाणी आणि साबण." त्यांच्या पुतण्याला कुत्रं चावलं होतं तेव्हा दवाखान्यात हेच सांगितलं होतं म्हणे. भांडी घासायचा साबण आणि हंड्यातलं पाणी. मावशी वरून पाणी ओतत होत्या आणि मी धूत होतो. मी दोन मिनिटांत थांबलो तर ओरडल्या. पंधरा मिनिटं धुवायला लावलं.

नंतर मला कळलं की हीच पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची असतात. रेबीजचा विषाणू जखमेतून नसांमध्ये शिरतो आणि तिथून मेंदूकडे सरकतो. साबणाने त्याचं वरचं कवच फुटतं. जितका धुऊन जाईल तितका चांगला. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की जवळपास कोणीच वाचत नाही. म्हणजे जे काही करायचं ते लक्षणं दिसायच्या आधी. मी इंजिनिअर माणूस, माझी सवय अशी की एरर आला की लॉग बघायचा. इथे एरर दिसतो तेव्हा सिस्टीम गेलेली असते.

एका टेम्पोवाल्याने आम्हाला सायकलींसकट बदलापूरपर्यंत आणलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय चावलं?" मी म्हटलं माकड. ते म्हणाले, कुत्रा असता तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता आली असती, माकड कुठे शोधणार? आणि चामडी फुटून रक्त आलंय म्हणजे ही तिसऱ्या प्रकारची जखम. नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. लस शरीराला अँटिबॉडी बनवायला शिकवते, पण त्याला दिवस लागतात. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटिबॉडी, तेवढ्या दिवसांची सोय. तर तिथे लस होती, इम्युनोग्लोब्युलिन नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी पाठवलं, तिथेही नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी मिळालं तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. ते इंजेक्शन जखमेच्या आत आणि आजूबाजूला टोचतात. माकड चावलं तेव्हा जेवढं दुखलं नव्हतं तेवढं तेव्हा दुखलं.

लसीचं माझं वेळापत्रक होतं शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. पहिल्या दिवसाला शून्य म्हणतात. ॲरेचा इंडेक्स वाटतो, पण कॅलेंडरवर टाकताना मी खरंच चुकलो आणि तिसरा डोस एक दिवस पुढे लावून बसलो. सिस्टरने कागद बघून पकडलं. दंडात स्नायूत घेतली तर वेळापत्रक वेगळं असतं, पाच डोस असतात. तुम्हाला जे लिहून देतील ते तसंच पाळा. आणि "बरं वाटतंय, शेवटचा राहू दे" असं करू नका. अठ्ठाविसाव्या दिवशी माझी क्लायंटसोबत मीटिंग होती. मी कॅमेरा बंद करून रिक्षातून अटेंड केली.

आईला संध्याकाळपर्यंत सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर बँडेज बघून तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "माकडाला केळं द्यायला तुला कोणी सांगितलं होतं?" याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

आता त्या माकडाबद्दल थोडं. आपण सरसकट माकड म्हणतो, पण आपल्या भागात दोन वेगळे गडी आहेत. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर, म्हणजे लंगूर. तो मुख्यतः पानं खाणारा. त्याचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, पानं आंबवून पचवायला. लाल तोंडाचं ते माकड. डोक्यावर केसांचा भांग पाडलेली टोपी असते बघा, ते बॉनेट मकाक. ते मिळेल ते खातं. त्याच्या गालात पिशव्या असतात. समोर खाणं आलं की आधी गालात भरायचं आणि मग निवांत झाडावर बसून चावायचं. वानराला अशा पिशव्या नसतात. म्हणून झडप मारून पळणं हे लाल तोंडवाल्याला जास्त जमतं. रस्त्याच्या कडेला मिळालेल्या एका वेफरच्या पाकिटात त्याला तासभर जंगलात फिरून मिळेल त्याहून जास्त खाणं मिळतं. तो हिशोबाला पक्का आहे. आपणच त्याला शिकवलंय की माणूस म्हणजे पाकीट.

त्या दिवसापासून मी काय करतो ते सांगतो. खाणं जर्सीच्या खिशात नाही, फ्रेमला बांधलेल्या चेनच्या बॅगेत, आणि रॅपर टोळीच्या आसपास उघडायचं नाही, कारण तो कुरकुर आवाज ते लांबून ओळखतात. टोळी दिसली तर थांबायचं नाही आणि जोरातही मारायची नाही, एका बाजूने सरळ शांतपणे निघायचं. आई आणि पिल्लाच्या मधून सायकल घालायची नाही. डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, माकडांच्या भाषेत ते आव्हान असतं. तोंड उघडून, भुवया वर करून ते तुमच्याकडे बघायला लागलं तर तो राग आहे, फोटोसाठी पोझ नाही. आणि त्याने काही ओढलंच तर सोडून द्यायचं. बॅग दोन हजाराची असेल, जाऊ द्या.

दुसरा किस्सा येऊरचा. ठाण्याला उपवन तलावावरून वर चढलात की येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. दर शनिवारी सकाळी तिथे इतके सायकलवाले असतात की कधीकधी ट्रॅफिक वाटतं. मी डांबरी रस्त्यानेच जातो. आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालायची नाही, ते उद्यान आहे, आपला ट्रॅक नाही. हे बोलल्यावर काही जण मला अनफॉलो करतील, करा.

तो नोव्हेंबर होता. मी जरा जास्तच लवकर पोचलो, अजून नीट उजाडलं नव्हतं. एकटाच. पाटोणापाड्याच्या पुढे रस्त्याला वळण आहे. वळणाच्या आधी झाडावरून वानर ओरडायला लागला. नेहमीचा हूप नाही. खोकल्यासारखा, कोरडा, परत परत. खॅक, खॅक. मी पेडल मारतच होतो. समोरून एक म्हातारे आजोबा येत होते, हातात काठी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने गाणं लावलेलं. त्यांनी हात आडवा केला. "पोरा, थांब जरा."

मी म्हटलं काय झालं?

"तो बोलतोय ना वरती. जनावर आहे खाली."

आम्ही थांबलो. पाच-सात मिनिटं असतील. आजोबांनी गाणं बंद केलं नाही, उलट माझ्याशी मोठ्याने गप्पा सुरू केल्या. कुठला, काय काम करतो, पगार किती. मी पगार पण सांगितला, एरवी मित्रांना सांगत नाही. मग कधीतरी पुढच्या वळणावर माझ्या लाइटच्या कडेला काहीतरी रस्ता ओलांडून गेलं. मला फक्त शेपूट दिसली, लांब, टोकाला वर वळलेली. घाई नव्हती त्याला. वानर अजून थोडा वेळ ओरडला आणि गप्प झाला. आजोबा म्हणाले, "जा आता. घंटी वाजवत जा."

मी नंतर खूप विचार केला. ते नसते तर मी त्या वळणावर पंचवीसच्या स्पीडने, आवाज न करता, हँडलवर वाकलेला, थेट त्याच्या समोर गेलो असतो. सायकलची गंमत हीच आहे. गाडीचा आवाज लांबून येतो, चालणारा माणूस हळू येतो. सायकल वेगात येते आणि गुपचूप येते. प्राण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. आणि बिबट्याला बहुतेक वेळा बाजूलाच व्हायचं असतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आणि कॅमेरा ट्रॅपच्या मोजणीत तिथे पन्नासच्या आसपास बिबटे सापडलेत. चारी बाजूंनी शहर. बिबटे इतके विरळ राहत असते तर गोष्ट वेगळी, पण इतकी दाटी असूनही आपण त्यांना क्वचित बघतो. कधीतरी ते चुकतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत एक दिसला आणि नंतर जवळच्याच हॉटेलात सापडला. २४ नोव्हेंबर २०२२ ला कल्याण पूर्वेला चिंचपाड्याच्या एका इमारतीत बिबट्या शिरला, काही जण जखमी झाले, दिवसभर सगळा परिसर घरात बसून होता. आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपवर त्या दिवशी एवढे फॉरवर्ड आले की फोन हँग झाला. अर्धे दुसऱ्याच शहरातले होते.

मग लोक म्हणतात, पकडा आणि लांब सोडा. मलाही ते लॉजिकल वाटायचं. पण हे करून झालंय. जुन्नर भागात २००१ ते २००३ च्या दरम्यान बरेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडले होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तर जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढलेले दिसले. अनोळखी जागी सोडलेलं, बिथरलेलं जनावर. आपल्या उद्यानाभोवती २००४ साली बरेच बळी गेले, त्या काळात बाहेरून पकडलेले बिबटे इथे सोडले जात होते.

आणि आता माझी आवडती गोष्ट. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. वयस्क, शांत. म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो तिथे राहिलाच नाही. चालत निघाला. कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली, मुंबई-आग्रा हायवे ओलांडला, तानसाचं जंगल, तुंगारेश्वर, वसईचा कारखान्यांचा पट्टा, आणि शेवटी खाडी पोहून घोडबंदरजवळच्या नागला भागात, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उद्यानात आला. साधारण १२० किलोमीटर, महिन्याच्या आत. वाटेत गावं, वस्त्या, माणसं. कोणाला ओरखडा नाही. या सगळ्यावर २०१४ मध्ये 'आजोबा' नावाचा सिनेमा पण आला, ऊर्मिला मातोंडकर होती त्यात.

मी डोंबिवली ते माळशेज सायकलने गेलोय. मुरबाड, टोकावडे, मग घाट. तेव्हा हे डोक्यात होतं, की आपण ट्रॅक करतोय स्ट्रावावर आणि या गड्याचा पण ट्रॅक कोणीतरी कॉम्प्युटरवर बघत होतं. फरक एवढाच की त्याला रूट कोणी दिला नव्हता. २०११ च्या डिसेंबरात तो मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीखाली गेला. अंगातल्या चिपवरून ओळख पटली. त्याने आपल्याला काही केलं नाही, त्याला मात्र आपल्या रस्त्याने मारलं.

येऊरच्या पाड्यांवरच्या लोकांना या सगळ्यात नवीन काही वाटत नाही. वारली आणि इतर आदिवासी वाघोबाला मानतात. मुंबई, ठाणे, पालघर भागात अभ्यासकांनी वाघोबाची दीडशेहून जास्त ठाणी नोंदवलीत. आपण घोडबंदर रोडला वाघबीळ नाक्यावर सिग्नलला शिव्या देत उभे असतो, पण ते नाव काय आहे याचा विचार कधी करत नाही.

बिबट्या समोर आलाच तर? थांबायचं, पायावर उभं राहायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची. खाली वाकायचं नाही, बसायचं नाही, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. मोठ्याने बोलायचं, नजर त्याच्यावर ठेवून हळूहळू मागे सरकायचं. वळून उतारावर सुसाट सुटायचं नाही. तुम्हाला ती सायकल वाटते, त्याला ते पळणं वाटतं. त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. आणि मोबाइल काढायचा तो व्हिडिओसाठी नाही, वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करण्यासाठी, तोही सुरक्षित जागी पोचल्यावर.

पण खरं सांगू का? कल्याण-डोंबिवलीच्या सायकलवाल्याचा रोजचा वन्यप्राणी म्हणजे कुत्रा. पहाटे शिळफाट्याच्या बाजूला तीन-चार जण मागे लागले की बिबट्या परवडला असं वाटतं. तिथेही तेच, उतरायचं, सायकल मध्ये, चालत पुढे. नव्वद टक्के वेळा चाक थांबलं की त्यांचा इंटरेस्ट संपतो. हा टक्का माझा आहे, अभ्यासाचा नाही. अभ्यासातला आकडा वेगळाच भारी आहे. २०१८ मध्ये एक पेपर आला होता, त्यात अंदाज मांडलाय की या उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे आसपासच्या लोकांचे हजारेक चावे वाचतात. म्हणजे मला येऊरला दिसलेली ती शेपूट कदाचित माझाच रेबीजचा खर्च वाचवत होती. माकडाने तो करायला लावला, ते सोडा.

सापांबद्दल थोडक्यात: पावसाळ्यात आणि संध्याकाळी गरम डांबरावर घोणस, फुरसं येऊन बसतात, टायरचा तुकडा समजून जवळ जाऊ नका. बाजूच्या गवतात पाय टाकून फोटो काढू नका. यावर वेगळा एपिसोड करू, सर्पमित्राला बोलावून.

गेल्या महिन्यात परत बारवीला गेलो होतो. घंटी लावून, केळी बॅगेत. तीच टपरी, त्याच मावशी. मला वाटलं ओळखणार नाहीत. त्यांनी चहा ठेवला, माझ्या कोपराकडे बघितलं आणि विचारलं, "सगळी इंजेक्शनं घेतलीस ना?" मी म्हटलं, चारही. मी त्यांच्यासाठी साबणाच्या दोन वड्या नेल्या होत्या. त्या हसल्या आणि एक लगेच हंड्यापाशी ठेवली. समोर गाड्या थांबल्या होत्या, कोणीतरी काच खाली करून वेफर्सचं पाकीट बाहेर धरलं होतं. मावशी टपरीतूनच ओरडल्या.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमचे किस्से व्हॉइस नोट करून पाठवा, चांगले असतील ते पुढच्या वेळी लावू. माकडाला खायला घालतानाचे व्हिडिओ मात्र पाठवू नका. माझ्याकडे एक आहे.